अपडेटनंतर लिनक्स लॅपटॉपचा आवाज गेला? आधी बिघाड कोणत्या मजल्यावर आहे ते शोधा

लॅपटॉप काल रात्रीपर्यंत नीट वाजत होता. झोपायच्या आधी अपडेट लावलं, सकाळी चालू केला तर आवाज गायब. सेटिंग्जमध्ये स्पीकरच्या जागी ‘डमी आउटपुट’, म्हणजे खरं उपकरण नसलेलं नावापुरतं आउटपुट, लिहिलेलं. किंवा त्याहून चकवणारा प्रकार: स्पीकर यादीत दिसतो, गाणं लावलं की पट्टीही हलते, पण ऐकू काहीच येत नाही. लिनक्सवर काही वर्षं काढलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हे आलेलं असतं, आणि एकदाच येऊन थांबलेलंही नसतं.

हा त्रास पुन्हा पुन्हा का होतो याबद्दल माझं मत ठाम आहे. अपडेटमुळे होतो हे खरंच, पण मागच्या वेळी आपण घाईत केलेले उपायही त्याला कारण असतात. आवाज गेला की आपण शोधून मिळेल ती ओळ टर्मिनलमध्ये चिकटवत सुटतो. दहाव्या ओळीला आवाज येतो. नेमकं कशामुळे आला ते कळत नाही आणि आधीच्या नऊ ओळी सिस्टिममध्ये तशाच पडून राहतात. पुढच्या अपडेटला त्यांतलीच एखादी आडवी येते. म्हणून इथे उपायांपेक्षा निदानाला जास्त जागा दिली आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ, ‘स्लॅश’ म्हणजे उजवीकडे कललेली तिरकी रेघ, ‘बरोबर’ म्हणजे बरोबरचं चिन्ह (=), ‘उणे’ म्हणजे वजाचं.

काहीही बदलण्याआधी

लॅपटॉप पूर्ण बंद करा. रीस्टार्ट नव्हे, शटडाउन. चार्जर काढा, अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. हे टोटक्यासारखं वाटेल, पण त्यामागे कारण आहे. रीस्टार्टमध्ये साउंड चिपचा वीजपुरवठा दर वेळी तुटतोच असं नाही. आधीच्या ड्रायव्हरने चिप ज्या अवस्थेत सोडली, त्याच अवस्थेत ती नव्या ड्रायव्हरच्या हाती येते आणि तो गोंधळतो. त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल तर हे हमखास तपासा. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन म्हटल्यावर विंडोज प्रत्यक्षात अर्धवट झोपी जातं, पूर्ण बंद होत नाही. ती सोय विंडोजच्या पॉवर सेटिंग्जमधून बंदच ठेवलेली बरी.

दुसरी गोष्ट आर्च आणि तिच्यावर आधारलेल्या डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) वापरणाऱ्यांसाठी. तिथे नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आलं की जुन्या कर्नलची मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे गरजेनुसार जोडले जाणारे भाग) डिस्कवरून काढली जातात. चालू असतं जुनंच कर्नल, पण त्याचे ड्रायव्हर डिस्कवर उरलेले नसतात. अपडेटनंतर रीस्टार्ट न करता यूएसबी हेडसेट लावला की तो ओळखला जात नाही आणि आपण हेडसेटला दोष देतो. ‘युनेम डॅश आर’ ही कमांड चालू कर्नलचा आकडा सांगते. तो आणि शेवटी इन्स्टॉल झालेल्या कर्नलचा आकडा जुळत नसेल तर आधी रीस्टार्ट करा, बाकीचं नंतर.

तिसरी गोष्ट साधी आहे. आउटपुट एचडीएमआयवर तर गेलं नाही ना? अपडेटनंतर उपकरणांची नावं किंवा क्रम बदलला की डीफॉल्ट आउटपुट मॉनिटरकडे सरकतं. मॉनिटरला स्पीकर नसतील तर सगळं सुरळीत दिसतं आणि आवाज मात्र नसतो. सेटिंग्जमधून आउटपुट बदलून पाहा.

आवाजाचे मजले

एखादं गाणं फाइलमधून स्पीकरपर्यंत पोचताना मधे बरेच हात लागतात. तळाला कर्नलमधला ड्रायव्हर, म्हणजे अल्सा. २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून लिनक्सची ध्वनिव्यवस्था अल्साच आहे. आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत साउंड चिपसोबत एक छोटा स्वतंत्र प्रोसेसरही असतो. त्याच्यात चालू होतानाच एक प्रोग्रॅम भरावा लागतो, तो म्हणजे फर्मवेअर. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांवर हे काम ‘साउंड ओपन फर्मवेअर’ करतं. २०१८ मध्ये हा प्रकल्प जाहीर झाला. जाणकार त्याला नुसतं ‘सॉफ’ म्हणतात. त्यानंतर ‘यूसीएम’ नावाच्या फाइल्स येतात. या लॅपटॉपवर स्पीकर कोणत्या वाटेवर आहे, हेडफोन कोणत्या, माइक कुठे, हे त्यांत लिहिलेलं असतं.

वरच्या मजल्यावर साउंड सर्व्हर बसतो, म्हणजे सगळ्या ॲप्सचा आवाज घेऊन उपकरणाकडे पाठवणारा प्रोग्रॅम. आधी तिथे पल्सऑडिओ होता, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर आहे. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत पाइपवायर डीफॉल्ट केलं, उबुंटूने २२.१० मध्ये. पाइपवायरसोबत वायरप्लंबर असतो. कोणत्या ॲपचा आवाज कुठे जोडायचा, कोणतं उपकरण डीफॉल्ट, हे तो ठरवतो. सगळ्यात वर ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर आणि डेस्कटॉपची आवाजाची पट्टी.

अपडेट यांतल्या प्रत्येक मजल्याला वेगवेगळ्या पॅकेजमधून येतं, आणि घोळ बहुतेक वेळा एक मजला पुढे गेला नि दुसरा मागे राहिला म्हणून होतो. कर्नल नवं आलं, फर्मवेअर जुनंच राहिलं. वायरप्लंबर नवा आला, तुमची सेटिंगची फाइल जुन्या पद्धतीची राहिली. त्यामुळे पहिला प्रश्न ‘आवाज कसा आणू’ हा नसून ‘कोणता मजला तुटला’ हा आहे.

त्याचं उत्तर एका कमांडने निम्मं मिळतं: ‘एप्ले डॅश एल’. ही कमांड सर्व्हरला न विचारता थेट अल्साकडून कार्डांची यादी आणते. कमांड सापडत नसेल तर ‘अल्सा-युटिल्स’ पॅकेज टाका, किंवा ‘प्रॉक’ खालच्या ‘एसाउंड’ फोल्डरमधली ‘कार्ड्स’ ही फाइल वाचा. यादीत लॅपटॉपचं कार्ड नसेल तर बिघाड तळाला आहे, आणि पाइपवायर कितीही वेळा रीस्टार्ट केलं तरी फरक पडणार नाही. कार्ड असेल तर तळ बहुधा शाबूत आहे, वर चढा. यादीत फक्त एचडीएमआय दिसत असेल तर तेही कार्ड नसल्यासारखंच धरा.

कार्डच दिसत नाही

इथे सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे कर्नलची नोंदवही. ‘जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी’ चालवा आणि त्यात ‘एसएनडी’, ‘सॉफ’, ‘फर्मवेअर’ हे शब्द रोमनमध्ये शोधा. घाई न करता वाचा. लाल रंगातली प्रत्येक ओळ गंभीर नसते, आणि खरी ओळ कधीकधी साध्या रंगात असते.

‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ ने सुरू होऊन ‘फेल्ड विथ एरर उणे २’ वर संपणारी ओळ दिसली तर शोध जवळपास संपला. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. ओळीत त्या फाइलचं नावही असतं. ती फाइल ज्या पॅकेजमध्ये येते ते टाकलं की झालं. सॉफची फर्मवेअर आर्चवर ‘सॉफ-फर्मवेअर’ मध्ये, फेडोरावर ‘अल्सा-सॉफ-फर्मवेअर’ मध्ये आणि डेबियनवर ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ मध्ये मिळते.

डेबियनवाल्यांनी इथे थोडं थांबावं. १२ व्या आवृत्तीपासून फर्मवेअरची पॅकेजं ‘नॉन-फ्री’ मधून काढून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात ठेवली गेली. ११ वरून १२ वर आलेल्या सिस्टिमच्या सोर्सेस यादीत (पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणारी यादी) हा नवा शब्द घातला नसेल तर बाकी सगळं अद्ययावत होतं आणि फर्मवेअर मात्र जुनंच राहतं. कर्नल पुढे, फर्मवेअर मागे, याचं याहून चोख उदाहरण सापडणार नाही. आर्चवरही २०२५ च्या जूनमध्ये ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे एक पॅकेज अनेक तुकड्यांत विभागलं गेलं आणि त्या वेळी हाताने हस्तक्षेप करावा लागला होता. तिथे आपल्या हार्डवेअरचा तुकडा इन्स्टॉल आहे ना, ते पाहा.

उबुंटूवर आणखी एक सापळा आहे. अनेक आवृत्त्यांत साउंडचे ड्रायव्हर मुख्य मॉड्यूलच्या पॅकेजमध्ये नसून ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, आणि त्याच्या नावात कर्नलचा आकडा असतो. कर्नल हाताने निवडून टाकलं, किंवा अपडेट अर्धवट तुटलं, तर हे पॅकेज मागे राहतं. खूण अशी: नोंदवहीत चूक एकही नसते, साउंडचा उल्लेखच नसतो.

फाइल जागेवर आहे, तरी कार्ड नाही? मग जुनं कर्नल चालवून पाहा. चालू होताना दिसणाऱ्या ग्रब या बूट-प्रोग्रॅमच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये आधीची कर्नलं असतात. फेडोरा सहसा तीन कर्नलं ठेवते. जुन्या कर्नलवर आवाज आला तर दोष कर्नलच्या बदलात आहे हे सिद्ध झालं. जुन्यावरही आला नाही तर कर्नल निर्दोष, फर्मवेअर किंवा तुमचीच एखादी सेटिंग संशयित. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि कित्येक तासांची भटकंती वाचवते. तरी लोक ती शेवटी करतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

बाहेरून आणून डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) बसवलेला ड्रायव्हर वापरत असाल तर दोन शक्यता लक्षात ठेवा: नव्या कर्नलसाठी तो बांधला गेला नाही, किंवा सिक्युअर बूट चालू असल्याने सही नसलेलं मॉड्यूल कर्नलने नाकारलं. ‘डीकेएमएस स्टेटस’ पहिली शक्यता सांगते, नोंदवही दुसरी.

कार्ड आहे, पण ‘डमी आउटपुट’

तळ शाबूत, वरचा मजला आंधळा. आधी सर्व्हर जागा आहे का ते पाहा: ‘सिस्टिमसीटीएल डॅश डॅश युजर स्टेटस’ आणि पुढे पाइपवायर, पाइपवायर-पल्स (पल्सऑडिओसाठी लिहिलेल्या ॲप्सना पाइपवायरशी जोडणारा भाग), वायरप्लंबर ही तीन नावं. यात ‘सुडो’, म्हणजे प्रशासकाचे (रूटचे) अधिकार, लावू नका. या सेवा तुमच्या खात्याच्या आहेत, रूटच्या नव्हेत. सुडो लावून चालवलेल्या ऑडिओच्या कमांड घरच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइल्स करून ठेवतात, आणि मग पुढच्या वेळी तुमच्याच सर्व्हरला तुमच्याच सेटिंग्ज वाचता येत नाहीत.

सेवा चालू असतील तर ‘पीएसीटीएल इन्फो’ विचारा. पाइपवायर काम करत असेल तर सर्व्हरच्या नावापुढे ‘पल्सऑडिओ, ऑन पाइपवायर’ असं आणि आवृत्तीचा आकडा येतो. नुसतं ‘पल्सऑडिओ’ आलं आणि पाइपवायरच्या सेवाही चालू दिसल्या, तर एका म्यानात दोन तलवारी आहेत. मोठ्या अपडेटमध्ये जुना पल्सऑडिओ पूर्ण निघाला नाही की असं होतं. दोघे एकाच कार्डावर हक्क सांगतात. जो आधी पोचतो त्याला कार्ड मिळतं, दुसऱ्याला डमी. म्हणूनच हा बिघाड कधी असतो, कधी नसतो. ‘फ्युझर डॅश व्ही’ आणि पुढे ‘डेव्ह’ खालच्या ‘एसएनडी’ फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स दिल्या की कार्ड कुणाच्या ताब्यात आहे ते दिसतं. डिस्ट्रोने ज्याला डीफॉल्ट मानलं आहे तो ठेवा, दुसरा काढा. फक्त पल्सऑडिओ काढताना ‘पाइपवायर-पल्स’ आहे याची खात्री करा, नाहीतर ॲप्सना बोलायला कुणीच उरत नाही.

आता वायरप्लंबर. अपडेटनंतरच्या तक्रारींत याचा वाटा मोठा आहे, आणि याला कारणही ठोस आहे. २०२४ मध्ये वायरप्लंबरची ०.५ आवृत्ती आली आणि सेटिंग लिहिण्याची पद्धतच बदलली. आधी ‘डॉट लुआ’ फाइल्स असत, आता ‘डॉट कॉन्फ’. जुन्या लुआ सेटिंग्ज ०.५ वाचतच नाही. तुम्ही कधीकाळी एखादं कार्ड बंद करायला, नाव बदलायला किंवा एचडीएमआय लपवायला लुआ फाइल केली असेल तर ती अपडेटनंतर मुकाट निष्प्रभ होते. घरच्या ‘डॉट कॉन्फिग’ मधला आणि ‘इटीसी’ मधला ‘वायरप्लंबर’ फोल्डर उघडा. लुआ फाइल दिसली तर ती बाजूला ठेवा आणि तिची अजून गरज आहे का ते आधी तपासा. बऱ्याचदा नसते.

वायरप्लंबर निवडलेलं डीफॉल्ट, आवाजाची पातळी, प्रोफाइल हे सगळं लक्षात ठेवतो. ही स्मृती घरच्या ‘डॉट लोकल’, त्यातल्या ‘स्टेट’, त्यातल्या ‘वायरप्लंबर’ फोल्डरमध्ये असते. अपडेटमध्ये कार्डाचं अंतर्गत नाव बदललं की स्मृती आणि वास्तव जुळत नाही. तिन्ही सेवा थांबवा, त्या फोल्डरचं नाव बदला, सेवा पुन्हा सुरू करा. पुसून टाकण्यापेक्षा नाव बदला, म्हणजे फरक पडला नाही तर परत ठेवता येतं. आवाजाच्या पातळ्या पुन्हा लावाव्या लागतील, एवढंच नुकसान.

आणि ‘पावूकंट्रोल’ हा आवाजाच्या सेटिंग्जचा प्रोग्रॅम उघडून शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये नजर टाकाच. तिथे कधीकधी कार्डाचं प्रोफाइल ‘ऑफ’ वर किंवा ‘प्रो ऑडिओ’ वर गेलेलं असतं. ‘प्रो ऑडिओ’ मध्ये यूसीएमने दिलेल्या वाटा बाजूला राहतात आणि कार्डाचे सगळे मार्ग कच्चे समोर येतात. घरगुती वापराला ते नको. स्पीकर आणि माइक दोन्ही असलेलं प्रोफाइल निवडा.

सगळं दिसतं, पट्टी हलते, कानाला काही नाही

आता संशय पुन्हा खाली जातो, पण वेगळ्या जागी. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ चालवा. एफ ६ दाबून डीफॉल्ट सोडून लॅपटॉपचं खरं कार्ड निवडा. ही पायरी चुकली की सर्व्हरची एकच पट्टी दिसते आणि सगळं ठीक वाटतं. खऱ्या कार्डात ‘मास्टर’, ‘स्पीकर’, ‘हेडफोन’ अशा अनेक पट्ट्या असतात. खाली दोन एम म्हणजे बंद, दोन ओ म्हणजे चालू. एम दाबून बदलायचं. ‘ऑटो-म्यूट मोड’ अशी नोंद असेल तर ती ‘डिसेबल्ड’ करून पाहा. हेडफोनची पिन लावलेली नसतानाही लावली आहे असा ड्रायव्हरचा समज झाला, तर तो स्पीकर बंद करून बसतो. अपडेटने हा समज बदलू शकतो, आणि पिनच्या भोकात साचलेल्या कचऱ्यानेही. दोन्ही तपासा. जमलेल्या पातळ्या टिकवायला सुडोसह ‘अल्सासीटीएल स्टोअर’.

मग हेडफोन लावा. हेडफोनमध्ये आवाज येतो आणि स्पीकरमध्ये नाही, तर हा फार मोलाचा पुरावा आहे. कार्ड, फर्मवेअर, सर्व्हर, ॲप सगळे यातून सुटले. उरला स्पीकरचा ॲम्प्लिफायर. अलीकडच्या पातळ लॅपटॉपांत स्पीकरपाशी स्वतंत्र हुशार ॲम्प्लिफायर चिप असते. सिरस लॉजिकची सीएस३५एल४१ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टास२७८१ ही नेहमी भेटणारी नावं. या चिपला स्वतःचं फर्मवेअर लागतं, आणि ड्रायव्हरमधल्या यादीत तुमच्या लॅपटॉपचं नेमकं मॉडेल नोंदलेलं असावं लागतं. नोंदवहीत या नावांसमोर चूक दिसली तर फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करा. चूक नाही आणि मॉडेल नवं असेल तर ते यादीत येण्याची वाट पाहावी लागते किंवा ते कळवावं लागतं. तुमच्या बाजूने कितीही सेटिंग्ज बदलल्या तरी हा स्पीकर बोलणार नाही. हे लवकर कळलं तर रात्री वाया जात नाहीत.

सर्व्हर मधून काढून थेट चाचणीही करता येते. पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर थांबवा, सोबत पहिल्या दोघांचे ‘सॉकेट’ही, सॉकेट चालू राहिलं तर सेवा आपोआप जागी होते. मग ‘स्पीकर-टेस्ट डॅश मोठा डी’, पुढे ‘प्लगएचडब्ल्यू’, कोलन (:), कार्डाचा आकडा, स्वल्पविराम, उपकरणाचा आकडा, शेवटी ‘डॅश सी २ डॅश टी वेव्ह’. आकडे ‘एप्ले डॅश एल’ मध्ये दिसतात. त्याआधी आवाज कमी करा आणि हेडफोन कानातून काढून ठेवा, कारण इथे सर्व्हरची पट्टी मधे नसते. ‘फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट’ ऐकू आलं तर तळ निर्दोष.

आवाज येतो, पण टकटक होते

काही सेकंद शांतता गेली की ‘टक’, पुन्हा आवाज सुरू होताना ‘टक’. हे वीजबचतीचं काम आहे. आवाज नसताना ड्रायव्हर चिपला झोपवतो. सुडोने रूट शेल घेऊन ‘सिस’, ‘मॉड्यूल’, ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’, ‘पॅरामीटर्स’ या वाटेवरच्या ‘पॉवर_सेव्ह’ फाइलमध्ये ० लिहा. हा बदल रीस्टार्टनंतर मागमूस न ठेवता जातो, म्हणून चाचणीला उत्तम. फरक पडला तर मगच कायमचा करा. टीएलपी ही वीजबचतीची सेवा वापरत असाल तर बदल तिच्याच सेटिंगमध्ये करा, नाहीतर ती तुमचा आकडा पुन्हा बदलते.

एकाच ॲपला आवाज नसेल तर पावूकंट्रोलच्या ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये ते ॲप कोणत्या आउटपुटकडे बांधलेलं आहे ते पाहा. ब्लूटूथ हेडफोन जोडले जातात पण ऑडिओ उपकरण म्हणून येत नाहीत, असं डेबियन-उबुंटूवर पाइपवायरकडे वळल्यावर झालं तर ‘लिबस्पा-०.२-ब्लूटूथ’ हे पॅकेज तपासा.

जुना उपाय नव्या आवाजाच्या वाटेत

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. काही वर्षांपूर्वी एका कर्नल अपडेटनंतर माझ्या लॅपटॉपचा आवाज गेला. मी ‘इटीसी’ खालच्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ या मॉड्यूलच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये एक फाइल केली आणि त्यात ‘एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी’ या मॉड्यूलसाठी ‘डीएसपी_ड्रायव्हर बरोबर १’ ही ओळ लिहिली. आवाज परत आला. १ चा अर्थ सॉफ सोडून जुना एचडीए ड्रायव्हर वापर. ३ म्हणजे सॉफ, ० म्हणजे कर्नलने स्वतः ठरवावं. जुना ड्रायव्हर स्पीकर वाजवतो, पण थेट डीएसपीला (तो छोटा स्वतंत्र प्रोसेसर) जोडलेला डिजिटल माइक त्याला दिसत नाही. माइक त्याच दिवशी गेला होता. मला तो चार दिवसांनी, एका कॉलमध्ये समोरच्याला काही ऐकू येईना तेव्हा कळला, आणि तोवर मी ती ओळ विसरलो होतो. माइक मेला असं समजून मी कित्येक महिने वेगळा माइक लावून कामं केली. प्रत्येक अपडेटनंतर आशेने तपासायचो. खरा दोष फर्मवेअरच्या न आलेल्या पॅकेजमध्ये होता. ते मधल्या काळात आलं, आणि माझ्याच एका ओळीने त्याची वाट अडवून ठेवली होती. एका संध्याकाळी नोंदवही वरपासून वाचताना सॉफचा उल्लेखच नाही हे लक्षात आलं. ओळ काढली, रीस्टार्ट केलं, माइक हजर. साउंडवायर या नव्या प्रकारच्या ऑडिओ जोडणीवर बांधलेल्या नव्या लॅपटॉपवर तर हीच ओळ स्पीकरही बंद पाडते, कारण जुन्या ड्रायव्हरला साउंडवायर हाताळताच येत नाही.

तेव्हापासून अपडेटने आवाज गेला की मी ‘मॉडप्रोब डॉट डी’ हा फोल्डर सर्वांत आधी उघडतो. ‘मॉडेल बरोबर अमुक’, ‘इंडेक्स बरोबर उणे २’, एखादं मॉड्यूल ‘ब्लॅकलिस्ट’ केलेलं, असं जे जे मी कधी लिहिलं ते हॅशचं चिन्ह लावून निष्क्रिय करतो आणि कोऱ्या सिस्टिमचं वागणं पाहतो. ‘मॉडेल’ची सक्ती विशेष घातक: नव्या कर्नलमध्ये तुमच्या लॅपटॉपसाठी नेमकी दुरुस्ती आलेली असली तरी ती सक्ती तिला लागू होऊ देत नाही. बदलानंतर इनिटरामएफएसही (चालू होताना कर्नलसोबत आधी भरला जाणारा फाइल्सचा गठ्ठा) ताजं करा: डेबियन-उबुंटूवर सुडोसह ‘अपडेट-इनिटरामएफएस डॅश यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट डॅश एफ’, आर्चवर ‘एमकेइनिटसीपीआयओ डॅश मोठा पी’. आणि नवी ओळ लिहावीच लागली तर तिच्या वर हॅश लावून तारीख, कर्नलचा आकडा आणि कारण लिहा. ‘हे कर्नल बदललं की काढून पाहणे’ एवढे शब्द मी आता न चुकता लिहितो.

दोष कर्नलचाच निघाला तर

जुन्या कर्नलवर चालतं, नव्यावर नाही, आणि फर्मवेअर-सेटिंग्ज सगळं तपासून झालं, तर तो दोष कळवा. आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलमध्ये बंद पडू नये हा लिनक्स कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक दंडक आहे, त्यामुळे नेमकी माहिती दिलेल्या अशा तक्रारीला वजन असतं. चाललेलं शेवटचं कर्नल, न चाललेलं पहिलं कर्नल, दोन्हींची नोंदवही आणि ‘अल्सा-इन्फो’ या स्क्रिप्टचा अहवाल एवढं द्या. अहवालातली माहिती पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या. सुरुवात डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरपासून करा, सॉफचा दोष असेल तर त्या प्रकल्पाकडे. काही एएमडी लॅपटॉपांचा आतला माइक तर केवळ ड्रायव्हरच्या यादीत मॉडेलचं नाव नाही म्हणून बंद असतो. तिथे तुमच्या तक्रारीतून एक ओळ कर्नलमध्ये जाते आणि तेच मॉडेल असलेल्या सगळ्यांचा माइक चालू होतो.

तोवर काम अडू नये म्हणून जुनं कर्नल धरून ठेवता येतं. डेबियन-उबुंटूवर ‘एपीटी-मार्क होल्ड’ आणि कर्नलच्या मेटापॅकेजचं (दर वेळी ताजं कर्नल ओढून आणणारं पॅकेज) नाव, फेडोरावर ‘डीएनएफ व्हर्जनलॉक’. आर्चवर एकच पॅकेज अडकवून बाकी पुढे नेणं धोक्याचं. तिथे ‘लिनक्स-एलटीएस’ हे दीर्घकाळ सांभाळलं जाणारं कर्नल सोबत बसवून त्यावरून चालू करणं बरं. पण होल्ड लावलेल्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. म्हणून होल्ड लावला त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये महिन्यानंतरची आठवण लावा: ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ चालवणे, ‘अनहोल्ड’ करून नवं कर्नल घेणे, स्पीकर, हेडफोन आणि माइक तिन्ही तपासणे.